बीटा-हिमोलायटिक स्ट्रेप्टोकोकाय पेनिसिलिनला ‘आर’ (रेझिस्टंट) येतायत. रिपोर्ट सोडावा का?

खाडीकाठ

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका छोट्या हॉस्पिटलच्या लॅबमधून विचारतेय. पावसाळ्यात पायांचे पस स्वॅब खूप येतात. लावणीत चिखल्या होऊन त्यातून चढलेलं सेल्युलायटिस आणि मधुमेहींचे अल्सर हेच जास्त. ब्लड अगारवर बीटा हिमोलिसिस, कॅटॅलेज निगेटिव्ह, ग्रॅममध्ये साखळ्या आणि पीवायआर (एन्झाइमची झटपट चाचणी) पॉझिटिव्ह असेल तर आम्ही ‘स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस’ लिहितो. पण सेन्सिटिव्हिटी जुळत नाही. दोन तऱ्हा दिसतात (आकडे डिस्कभोवती वाढ थांबलेल्या वर्तुळाचा, म्हणजे झोनचा, व्यास; ६ म्हणजे झोनच नाही):

पहिली: पेनिसिलिन १० युनिट १८ ते २० मिमी, एरिथ्रोमायसिन ६, क्लिंडामायसिन ६.
दुसरी: पेनिसिलिन २१ ते २३, एरिथ्रोमायसिन ६ ते १२, क्लिंडामायसिन २० च्या आसपास.

सीएलएसआयच्या (अमेरिकेतली मानकं ठरवणारी संस्था) तक्त्यात पेनिसिलिन २४ मिमी किंवा जास्त असेल तरच ‘एस’ (संवेदनशील). मग बाकीचे सगळे ‘आर’ का?

शिवाय दोन सुटे प्रश्न. कोळंबी सोलणाऱ्या एका बाईच्या सुजलेल्या बोटातून बारीक, अल्फा कॉलन्या आल्यात. पेनिसिलिन ३० च्या वर, पण व्हँकोमायसिनला झोनच नाही. आणि न्यूमोनियाच्या एका रुग्णाच्या ब्लड कल्चरमध्ये न्यूमोकोकस आहे, ऑक्सासिलिन १५ मिमी. ‘पेनिसिलिन रेझिस्टंट’ कळवलंय, आता फिजिशियन विचारतायत की सेफ्ट्रिॲक्झोन बंद करायचं का.

पद्धत: म्युलर-हिंटनमध्ये ब्लड बँकेतल्या मुदत संपलेल्या पिशवीचं ५ टक्के रक्त, कँडल जार, रात्रभर. डिस्क फ्रिजमध्ये. कंट्रोल म्हणून स्टॅफ २५९२३ आणि ई. कोलाय २५९२२ आहेत.

---

लालप्लेट

सोडू नका. दोन्ही तऱ्हा पेनिसिलिन-रेझिस्टंट पायोजेनिस नाहीत, आणि दोन्हींची कारणं वेगवेगळी आहेत.

आधी पाया. ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकसमध्ये, म्हणजे पायोजेनिसमध्ये, पेनिसिलिनचा रेझिस्टन्स अजून रुग्णांत रुजलेला नाही. म्हणूनच बीटा-हिमोलायटिक गटाच्या तक्त्यात पेनिसिलिनपुढे फक्त ‘एस’चा आकडा आहे, ‘आय’ (मधला) आणि ‘आर’चे रकाने नाहीत. २४ पेक्षा कमी आलं तर त्याला ‘नॉन-ससेप्टिबल’ म्हणतात. त्याचा अर्थ ओळख पुन्हा तपासा, टेस्ट पुन्हा करा, तरीही तसंच आलं तर स्ट्रेन जपून संदर्भ प्रयोगशाळेला पाठवा. सिॲटल भागातले पीबीपी-२एक्स (पेनिसिलिन ज्याला चिकटतं ते प्रथिन) जनुकात बदल झालेले स्ट्रेन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतही अँपिसिलिनची एमआयसी (वाढ थांबवणारं औषधाचं किमान प्रमाण) वाढलेली होती, पेनिसिलिन मर्यादेतच होतं. ग्रुप बी मध्ये मात्र पेनिसिलिनची संवेदनशीलता घटलेले स्ट्रेन जपानमधून २००८ पासून नोंदले गेलेत. तेव्हा ‘कधीच नाही’ म्हणू नका, पण एका लॅबला एका पावसाळ्यात इतके सापडले तर संशय आधी प्लेटवर घ्यायचा.

तुमची पहिली तऱ्हा मला सरळ सरळ एन्टेरोकोकस फीकॅलिस वाटते. हा जंतू माणसाच्या, घोड्याच्या आणि सशाच्या रक्तावर बीटा हिमोलिसिस दाखवू शकतो, मेंढीच्या रक्तावर नाही. तुमची प्लेट माणसाच्या रक्ताची आहे. पीवायआर एन्टेरोकोकसलाही पॉझिटिव्ह असते, म्हणजे ज्या टेस्टवर तुम्ही पायोजेनिस ठरवताय ती या दोघांत फरक करतच नाही. क्लिंडामायसिनला फीकॅलिस जन्मतःच रेझिस्टंट. आणि पेनिसिलिन १८ ते २० मिमी हे एन्टेरोकोकसच्या तक्त्यात (१५ आणि वर ‘एस’) चक्क संवेदनशील आहे. मधुमेही पायाच्या अल्सरमध्ये तो सापडणं नवलाचं नाही.

वेगळं करायला फार काही लागत नाही. बाइल एस्क्युलिन स्लोप आणि ६.५ टक्के मीठ घातलेला ब्रॉथ. दोन्ही पॉझिटिव्ह आले तर एन्टेरोकोकस. जोडीला ०.०४ युनिटची बॅसिट्रॅसिन डिस्क ठेवा, ग्रुप ए ला झोन येतो, एन्टेरोकोकसला येत नाही. लेटेक्स ग्रुपिंग किट असेल तर उत्तम. पण ज्यांच्या कॉलन्या २४ तासांनीही अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान आहेत आणि प्लेट उघडल्यावर लोण्यात परतलेल्या साखरेसारखा वास येतो, ते ॲन्जिनोसस गटाचे असतात. त्यांच्यावरही ए, सी, एफ, जी अँटिजेन सापडू शकतं, म्हणून लेटेक्स ‘ए’ दिसलं की लगेच पायोजेनिस लिहायचं नाही.

दुसऱ्या तऱ्हेत एरिथ्रोमायसिनचा रेझिस्टन्स खरा असू शकतो. त्याचं शेवटी सांगते. पेनिसिलिनचे २१ ते २३ मात्र बहुतेक कोकणच्या हवेचे आहेत.

डिस्क फ्रिजमधून काढली आणि लगेच उघडली की दमट हवेतलं पाणी थंड डिस्कवर बसतं. बीटा-लॅक्टम ओलाव्यात विघटित होतात. महिनाभर रोज तेच झालं की १० युनिटची डिस्क १० युनिटची राहत नाही, झोन आक्रसतो. जुलैमध्ये आर्द्रता ९० च्या घरात असताना कार्ट्रिज बाहेर काढून किमान १ तास, शक्यतो २ तास बंदच ठेवायची, मगच उघडायची. साठा उणे २० अंशांवर, वापरातली कार्ट्रिज ८ अंशांखाली सिलिका जेलसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात. निळं जेल गुलाबी झालं की भट्टीत सुकवा किंवा बदला. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजरच्या डीफ्रॉस्टिंगमुळे डिस्क गरम-थंड होत राहतात, तो टाळा. वीज गेली तर दार उघडून बघू नका. (वादळ-पावसात हे बघण्याचा मोह सगळ्यांना होतो.)

दुसरं, वाचन. बीटा-हिमोलायटिक जंतूचं हिमोलायसिन अगारमध्ये पसरतं आणि वाढ थांबलेल्या जागेतही रक्त विरघळवतं. हिमोलिसिसच्या कडेला पट्टी लावलीत तर झोन खऱ्यापेक्षा लहान भरतो. झाकण काढून, वरून, परावर्तित उजेडात बघा, प्लेट मागेपुढे कलती करा आणि वाढीची कड मोजा.

तिसरं, इनोक्युलम, म्हणजे प्लेटवर पसरायचा जंतूंचा द्रव. १६ ते २० तासांच्या ताज्या ब्लड अगारवरच्या कॉलन्या थेट सलाइनमध्ये, ०.५ मॅकफार्लंड इतक्या गढूळपणाच्या. स्ट्रेप्टोकोकायच्या साखळ्या गुठळ्यांसारख्या राहतात, नीट मिसळल्या नाहीत तर गढूळपणा फसवा येतो. १५ मिनिटांत प्लेटवर, तीन दिशांनी स्वॅब, पुढच्या १५ मिनिटांत डिस्क. १०० मिमीच्या प्लेटवर ४ पेक्षा जास्त डिस्क नकोत. अगारची जाडी ४ मिमी, म्हणजे ९० मिमीच्या प्लेटला साधारण २५ मिली. जाड ओतलं की झोन लहान होतो. ३५ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, २० ते २४ तास. ‘रात्रभर’ म्हणजे १६ तास असेल तर ते कमी आहे.

कँडल जारमध्ये कार्बन डायऑक्साइड ३ टक्क्यांच्या आसपास मिळतो. वायू तयार करणारी सॅशे परवडत असेल तर ती बरी. नसेल तर निदान कंट्रोल त्याच जारमध्ये ठेवा. कंट्रोल हवा न्यूमोकोकस एटीसीसी ४९६१९ हा प्रमाणित स्ट्रेन. तुमच्याकडचे दोन्ही कंट्रोल रक्त नसलेल्या म्युलर-हिंटनवर चालतात, त्यातून रक्ताच्या प्लेटबद्दल काहीच कळत नाही. ४९६१९ साठी पेनिसिलिन २४ ते ३०, एरिथ्रोमायसिन २५ ते ३०, क्लिंडामायसिन १९ ते २५, व्हँकोमायसिन २० ते २७ मिमी. पेनिसिलिनचा कंट्रोल २१ आला तर रुग्णांचे २१ ते २३ कशामुळे, ते तिथेच कळेल. एक अपवाद लक्षात ठेवा: ऑक्सासिलिन या स्ट्रेनवर मुळातच १२ किंवा कमी येतं, त्यामुळे ऑक्सासिलिनची डिस्क बिघडली का हे त्यावरून समजत नाही. त्यासाठी तुमचा २५९२३ हवा, १८ ते २४ मिमी.

आता एरिथ्रोमायसिन. २१ आणि वर ‘एस’, १५ आणि खाली ‘आर’. क्लिंडामायसिन १९ आणि वर ‘एस’. तुमचे क्लिंडामायसिन २० असलेले सगळे डी-टेस्टशिवाय (दोन डिस्क शेजारी ठेवून करायची चाचणी) रिपोर्ट करू नका. एरिथ्रोमायसिन १५ मायक्रोग्रॅम आणि क्लिंडामायसिन २ मायक्रोग्रॅम, कडेपासून कडेपर्यंत १२ मिमी. स्टॅफसाठीचं १५ ते २६ मिमी अंतर इथे चालत नाही. क्लिंडामायसिनचा झोन एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटा झाला तर अर्म जनुक आहे, औषध चालू असताना रेझिस्टन्स जागा होऊ शकतो, क्लिंडामायसिन ‘आर’ लिहा. झोन गोलच राहिला तर मेफ जनुकाचा पंप. तो एरिथ्रोमायसिन-अझिथ्रोमायसिन बाहेर फेकतो, क्लिंडामायसिनला हात लावत नाही. अझिथ्रोमायसिनचा निकाल एरिथ्रोमायसिनवरूनच काढायचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या प्राधान्य यादीत मॅक्रोलाइड-रेझिस्टंट ग्रुप ए आणि पेनिसिलिन-रेझिस्टंट ग्रुप बी हे दोघे नव्याने आलेत. तेव्हा तुमच्या एरिथ्रोमायसिनच्या आकड्यांना किंमत आहे, पेनिसिलिनच्या आकड्यांसाठी मात्र आधी टेस्ट सुधारा.

---

शिंगाळा

कोळंबीवाल्या बोटाबद्दल. व्हँकोमायसिनला झोन नसलेला खरा स्ट्रेप्टोकोकस मिळणं जवळजवळ अशक्य धरा, आणि मासळी-कोळंबी हाताळणाऱ्याच्या बोटातून आला असेल तर एरिसिपेलोथ्रिक्स रुसिओपॅथी आठवा. कॅटॅलेज निगेटिव्ह, अल्फा, बारीक कॉलनी, पेनिसिलिनला अतिशय संवेदनशील, व्हँकोमायसिनला जन्मजात रेझिस्टंट. तुमचं वर्णन शब्दशः तेच आहे.

कॉलनीचा ग्रॅम पुन्हा करा, जुन्या नाही, ताज्या वाढीचा. बारीक सडपातळ दांडे दिसतील, कधी लहान साखळीत, आणि रंग सहज सोडतात म्हणून गुलाबीही दिसतात. कोकाय म्हणून फसायला तेवढं पुरतं. टीएसआय (साखर आणि लोह घातलेलं अगार) स्लोपमध्ये सरळ टोचा. एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) मुळे टोचलेल्या रेषेवर काळं झालं तर प्रश्न मिटला, कारण स्ट्रेप्टोकोकस ते करत नाही. ४८ तास थांबायची तयारी ठेवा. स्वॅबमध्ये तो कमी सापडतो, कारण त्वचेत खोल असतो. सुजेच्या कडेची बायोप्सी किंवा ॲस्पिरेट चांगलं.

दांडे नसून कोकायच असतील तर ल्युकोनोस्टॉक आणि पेडिओकोकस बघा. तेही व्हँकोमायसिनला जन्मजात रेझिस्टंट. दोघेही पीवायआर निगेटिव्ह. ल्युकोनोस्टॉक ग्लुकोजमधून वायू काढतो. बोटापेक्षा ते सेंट्रल लाइन असलेल्या रुग्णाच्या रक्तात जास्त शोभतात.

एक सावधगिरी. शिंगाळा माशाचा काटा लागून किंवा खाडीच्या पाण्यात जखम होऊन काही तासांत फोड आणि काळसरपणा येत असेल, त्यात रुग्णाचं यकृत खराब असेल, तर तो व्हिब्रिओ व्हल्निफिकस असू शकतो. तिथे कल्चरची वाट बघायची नसते. थेट स्मिअरमध्ये ग्रॅम निगेटिव्ह वाकडे दांडे दिसले की वॉर्डला फोन करा, आणि पेनिसिलिन एकटं पुरणार नाही हे सांगा.

---

खाडीकाठ

पहिल्या तऱ्हेतल्या साठवलेल्या स्ट्रेन्सचं बाइल एस्क्युलिन काळं आलं आणि मिठातही वाढ आहे. पटलं. बोटाच्या जंतूचा टीएसआय लावलाय. न्यूमोकोकसचं मात्र आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय, आणि ई-टेस्ट (एमआयसी मोजायची पट्टी) इथे नाही.

---

वॉर्डराउंड

ताई, मी औषध देणाऱ्या बाजूचा. रिपोर्टमधला ‘पेनिसिलिन रेझिस्टंट’ हा शब्द आजच मागे घ्या आणि त्याजागी लिहा: ‘ऑक्सासिलिन स्क्रीन १९ मिमी किंवा कमी, पेनिसिलिन एमआयसी आवश्यक.’ १ मायक्रोग्रॅम ऑक्सासिलिन ही चाळणी आहे. २० किंवा जास्त आलं तर पेनिसिलिन निश्चित चालतं. १९ किंवा कमी आलं तर काहीच निश्चित होत नाही, ते स्ट्रेन पेनिसिलिनला संवेदनशीलही निघतात.

एमआयसी आल्यावर आकडा कुठल्या जागेच्या संसर्गाला लावायचा हे ठरतं. मेनिंजायटिसला ०.०६ पर्यंत ‘एस’, ०.१२ पासून सरळ ‘आर’. न्यूमोनियात शिरेतून पेनिसिलिन देणार असाल तर २ पर्यंत ‘एस’, ४ ‘आय’, ८ पासून ‘आर’. म्हणजे एमआयसी १ असलेला तोच जंतू मेंदूच्या आवरणात रेझिस्टंट आणि फुप्फुसात संवेदनशील. रिपोर्टवर दोन्ही ओळी छापा, फक्त सीएसएफच्या (मेंदू-मणक्याभोवतालच्या द्रवाच्या) नमुन्यावर मेनिंजायटिसचीच. २ पर्यंतच्या ‘एस’मागे मात्र मात्रेची अट आहे: मूत्रपिंड चांगलं असलेल्या प्रौढाला दर ४ तासांनी निदान २० लाख युनिट.

तुमच्या रुग्णाला न्यूमोनिया आहे, मान ताठ नाही, सीएसएफचा प्रश्न नाही, असं धरतो. सेफ्ट्रिॲक्झोन चालू ठेवा. मेनिंजायटिस नसताना त्याची मर्यादा १ पर्यंत ‘एस’, २ ‘आय’, ४ पासून ‘आर’ आहे, आणि रुग्ण सुधारत असेल तर फक्त ऑक्सासिलिनच्या डिस्कवरून मेरोपेनेमकडे उडी मारण्यात अर्थ नाही. मेनिंजायटिस असता तर सेफ्ट्रिॲक्झोन २ ग्रॅम दर १२ तासांनी आणि सोबत व्हँकोमायसिन, एमआयसी येईपर्यंत.

वॉर्डात हमखास होणारी एक चूक: ‘पेनिसिलिन चालत नाही ना, मग क्लॅव्ह्युलॅनेटवालं द्या.’ न्यूमोकोकस बीटा-लॅक्टमेज बनवत नाही. त्याचा रेझिस्टन्स पीबीपी बदलल्यामुळे असतो, औषधाला चिकटायला जागाच राहत नाही. क्लॅव्ह्युलॅनेटने तिथे काहीच साधत नाही, जुलाब मात्र वाढतात.

आणि तो न्यूमोकोकसच आहे ना? ऑप्टोचिन ५ मायक्रोग्रॅम, ६ मिमीची डिस्क, कार्बन डायऑक्साइडमध्ये १४ मिमी किंवा जास्त. ७ ते १३ आलं तर कॉलनीवर १० टक्के डीऑक्सिकोलेटचा थेंब टाकून विरघळते का बघा. मायटिस गट (न्यूमोकोकससारखे दिसणारे व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकोकाय) इथेच आत घुसतो आणि ऑक्सासिलिन त्याचं लहान येतंच. व्हिरिडन्स गटाला पेनिसिलिनची डिस्क लावायचीच नसते, थेट एमआयसी, ०.१२ पर्यंत ‘एस’, ४ पासून ‘आर’. एन्डोकार्डायटिसमध्ये या आकड्यावर जेंटामायसिन जोडायचं की नाही ते ठरतं.

आता तुमच्या पायांकडे. इथे पावसाळ्यात ताप दिसला की लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस) डॉक्सिसायक्लिन सुरू होतं, ते योग्यच. पण त्याच रुग्णाचा पाय लाल होऊन सुजला असेल तर डॉक्सिसायक्लिनवर विसंबू नका. स्ट्रेप्टोकोकायमध्ये या औषधाच्या गटाला रेझिस्टन्स देणारं टेट-एम जनुक बरंच पसरलेलं आहे. शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्झोन दिलं की लेप्टो आणि स्ट्रेप्टोकोकस दोन्हींची सोय होते. आणि घसा दुखतोय म्हणून प्रत्येकाला तीन दिवसांचं अझिथ्रोमायसिन लिहिणं थांबवा, मॅक्रोलाइडचा रेझिस्टन्स त्याच चिठ्ठ्यांतून वाढतो. संधिवाताच्या तापाचा धोका असलेल्या मुलाला अमॉक्सिसिलिन पूर्ण १० दिवस, किंवा बेंझाथिन पेनिसिलिन एकदाच, २७ किलोपर्यंत ६ लाख आणि त्यावर १२ लाख युनिट.

नेक्रोटायझिंग फॅसायटिस असेल तर पेनिसिलिन २० ते ४० लाख युनिट दर ४ ते ६ तासांनी आणि क्लिंडामायसिन ६०० ते ९०० मिलिग्रॅम दर ८ तासांनी. क्लिंडामायसिन विष बनणं थांबवण्यासाठी असतं. डी-टेस्ट पॉझिटिव्ह निघाली तर सर्जनला आणि फिजिशियनला फोनवर सांगा, लाइनेझोलिड हा पर्याय आहे. पण औषध कुठलंही असो, मेलेला भाग कापून काढल्याशिवाय ते आत पोचत नाही. पेनिसिलिनवर पाय सुधारत नसेल तर रेझिस्टन्सआधी न काढलेला पस आणि सोबतचा स्टॅफ शोधा.

---

लालप्लेट

ई-टेस्ट नसेल तर स्ट्रेन पाठवा. न्यूमोकोकस स्वतःच विरघळतो, प्लेट टेबलावर ठेवली की दोन-तीन दिवसांत मरतो. ताजी वाढ चॉकलेट अगारच्या स्लोपवर, झाकण पक्कं, साध्या तापमानात, बर्फात नाही. घाट बंद असेल त्या दिवशी पाठवू नका, नव्या स्लोपवर घ्या आणि दुसऱ्या दिवशी पाठवा. मेडिकल कॉलेजात वायटेक (सेन्सिटिव्हिटीचं स्वयंचलित यंत्र) असेल तर त्यांना ‘एसटी’ कार्ड आहे का ते आधी विचारा, स्टॅफ-एन्टेरोकोकसच्या कार्डावर तो चालत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची लॅब न्यूमोकोकससाठी संदर्भ म्हणून काम करते, सेरोटाइपही तिथे कळतो.

---

मेंढीमाळ

सगळं नीट सांगितलंत, पण मूळ दुखणं रक्ताचं आहे. ब्लड बँकेच्या पिशवीत सायट्रेट, ग्लुकोज, दात्याच्या अँटिबॉडीज, आणि दात्याने घेतलेलं औषधही असू शकतं. हाताळणाऱ्याला धोका वेगळाच.

कोकणात पावसाळ्यात मेंढी मिळत नाही. धनगरांचे कळप दिवाळीनंतर घाट उतरतात आणि पावसाआधी वर जातात. म्हणून जूनच्या आधी पुण्या-मुंबईच्या पुरवठादाराशी ठरवून ठेवा: डीफायब्रिनेटेड, निर्जंतुक, लहान बाटल्यांत, दर पंधरवड्याला. थर्मोकोलच्या खोक्यात जेल पॅक चालतात, पण बाटली पॅकला चिकटून गोठली तर पेशी फुटतात. आल्यावर रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवा. वरचा द्रव पिवळसर असेल तर चांगली, लालभडक असेल तर परत करा.

९५ मिली अगार ४५ ते ५० अंशांवर आल्यावर ५ मिली रक्त. हाताला सोसवेल इतकं गार हवं, जास्त गरम असेल तर प्लेट चॉकलेटी होते. ओतल्यावर एक प्लेट २४ तास ३५ अंशांवर रिकामीच ठेवून काही उगवतं का बघा. ओल्या हवेत प्लेटवर पाण्याचे थेंब राहतात, इनोक्युलम ओघळतो आणि झोन वेडावाकडा येतो, म्हणून झाकण तिरपं करून १५ मिनिटं इनक्युबेटरमध्ये सुकवा. वापर कमी असेल तर तयार मेंढीच्या रक्ताच्या प्लेट शेवटी स्वस्त पडतात.

अँटिबायोग्रॅमबद्दल (सगळ्या स्ट्रेन्सच्या सेन्सिटिव्हिटीचा एकत्र तक्ता): जुने पेनिसिलिनचे आकडे टाकू नका. एका रुग्णाचा एका जंतूचा पहिलाच स्ट्रेन मोजा, नाहीतर महिनाभर पडून असलेला एकच पाय टक्केवारी वाढवतो. एखाद्या प्रजातीचे ३० पेक्षा कमी स्ट्रेन असतील तर टक्केवारी छापू नका, दोन-तीन वर्षं एकत्र करा. ‘स्ट्रेप्टोकोकस’ असा एकच रकाना कधीही नको. ग्रुप ए, ग्रुप बी, न्यूमोकोकस आणि व्हिरिडन्स वेगळे, एन्टेरोकोकस तर पूर्ण दुसऱ्या पानावर. डब्ल्यूएचओनेट हे नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि झोनचा मिमी आकडाच साठवतो, त्यामुळे उद्या तक्ता बदलला तरी जुन्या नोंदी पुन्हा लावता येतात.

---

खाडीकाठ

टीएसआय काळा झाला, ग्रॅममध्ये दांडे. एरिसिपेलोथ्रिक्स म्हणून कळवलं. न्यूमोकोकसचा रिपोर्ट बदलून दिला, स्लोप उद्याच्या गाडीने जाईल. एकच राहिलं: प्रसूतीच्या वॉर्डाचे ग्रुप बी चे स्वॅब सुरू करायचेत, त्यांना पेनिसिलिनची टेस्ट रोज लागते का?

---

लालप्लेट

रोज नाही. ग्रुप बी ला पेनिसिलिन गृहीत धरून चालतं, पण शिशूच्या रक्तातला किंवा सीएसएफमधला असेल तर लावाच. आईला पेनिसिलिनची गंभीर ॲलर्जी असेल तर मागणीपत्रावर तसं लिहून घ्या, तेव्हा क्लिंडामायसिन डी-टेस्टसह करायचं. स्वॅब योनीमार्ग आणि गुदद्वार दोन्हींचा, ३६ ते ३७ आठवड्यांत, आधी निवडक ब्रॉथमध्ये १८ ते २४ तास आणि मग ब्लड अगारवर. थेट प्लेटवर लावलात तर बरेच निसटतात.